आजोबांची भाताची गिरणी: भंगारात द्यायची की संग्रहालयात?

घणसोलीकर

नमस्कार मंडळी. एरवी नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय.

घणसोली गावठाणातलं आमचं जुनं घर दिवाळीनंतर पाडायचं ठरलंय. घराला लागूनच आजोबांची भाताची गिरणी आहे. एक कौलारू खोली, आत ऑइल इंजिन, हलर म्हणजे भाताचं तूस काढायचं यंत्र आणि वाशाला अडकवून ठेवलेला पट्टा. १९७० नंतर नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. खारातलं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतलं भात संपलं, तशी गिरणीही संपली. शेवटचं भात कुणाचं भरडलं ते वडिलांनाही आठवत नाही. खोलीला कुलूप लागलं तेव्हा मी शाळेत होतो.

परवा शीळफाट्याहून भंगारवाला येऊन गेला. हलरला बोटाने टिचकी मारून 'बिडाचा आहे' म्हणाला आणि किलोचा भाव सांगून मोकळा झाला. चुलतभावाचं म्हणणं, इंजिनाला लाल-हिरवा रंग मारून नव्या इमारतीच्या गेटवर ठेवू, शोभा येईल. वडील काहीच बोलले नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर ते चिंधी आणि रॉकेल घेऊन गिरणीत गेले. तासाभराने मी डोकावलो तर इंजिनावरची पितळी पट्टी लख्ख झाली होती. तिच्यावर आर. ए. लिस्टर, डर्सली, इंग्लंड असं आहे, खाली ६ एचपी, ६५० आरपीएम आणि एक लांबलचक क्रमांक.

तेव्हापासून भंगारवाल्याला फोन करायची हिंमत होत नाही. हे दुर्मिळ आहे का? याची काही किंमत आहे का? एखादं संग्रहालय असं काही घेतं का?

डिझेलवाला

दादा, आधी एक काम करा. ती पट्टी कुणालाही काढू देऊ नका. पितळेच्या पट्ट्या, तेलाची भांडी, नळाच्या तोट्या या सगळ्यात आधी गायब होतात आणि चोर बाजारात वेगळ्या विकल्या जातात. पट्टी गेलेलं इंजिन म्हणजे नुसतं लोखंड, त्याचं नाव-गाव कुणी सांगू शकत नाही.

मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यांत फिटर म्हणून अख्खी नोकरी काढली. लिस्टरची ही स्लो स्पीड इंजिनं १९३० च्या सुमाराला आली आणि डर्सलीचा कारखाना ती १९८७ पर्यंत बनवत होता. आपल्याकडे राजकोटला त्यांच्या नकला इतक्या बनल्या की गावोगाव जे 'लिस्टर' दिसतं त्यातलं बरंचसं राजकोटचं असतं. नकला म्हणून त्यांना कमी लेखत नाही, अर्ध्या देशाची शेतं त्यांनीच भिजवली. पण तुमचं मूळचं असेल तर गोष्ट वेगळी.

सिलिंडरच्या डोक्याला बाजूने एक छोटं हातचाक आहे का पाहा, पाण्याच्या नळाला असतं तसं. थंड इंजिन सुरू करताना ते फिरवून बंद करायचं, म्हणजे आतला जादा कप्पा बंद होऊन दाब वाढतो. इंजिन तापलं की सैल करायचं. नंतरच्या बऱ्याच नकलांत हे चाक गाळलेलंच दिसतं. फोटो टाका.

शंकानिरसन

मनापासून विचारतो, राग मानू नका. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं कारखान्यात बनलेलं यंत्र, ज्याच्या हजारो प्रती निघाल्या, ते दुर्मिळ कसं? पुरातन वस्तूंचा १९७२ चा कायदाही किमान १०० वर्षं जुनी वस्तूच पुरावस्तू धरतो. संग्रहालयांना जागा कमी आणि पैसा त्याहून कमी. प्रत्येकाच्या आजोबांचं इंजिन ठेवायचं म्हटलं तर कसं व्हायचं?

कौलारू

शंकानिरसन, प्रश्न रास्त आहे. मी एका संग्रहालयाच्या जतन विभागात बावीस वर्षं काम केलं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

किती बनले आणि किती उरले, हे दोन वेगळे हिशोब आहेत. फर्ग्युसनचा टीई-२० हा छोटा करडा ट्रॅक्टर घ्या. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत पाच लाखांवर बनले. आजही जगभर चालते सापडतात, सुटे भाग मिळतात. तो सुंदर आहे, नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडून उचलायची त्याची पद्धत आजच्या ट्रॅक्टरांतही आहे, पण त्याला दुर्मिळ म्हणता येणार नाही. उलट आपल्या कोकणपट्टीतलं घिरट घ्या. भाताचं तूस काढायचं लाकडी जातं. एकेकाळी घरोघर होतं, कुठल्या कारखान्यात बनलं नाही, कुठल्या यादीत आलं नाही. लाकूड वाळवीने खाल्लं, उरलेलं बंबात गेलं. ज्याच्याकडे कुणी वस्तू म्हणून पाहिलंच नाही, ते सगळ्यात आधी नाहीसं होतं. राजे-सरदारांच्या तलवारी राहिल्या, कारण त्या जपण्यासाठीच होत्या. शेतीचं अवजार झिजेपर्यंत वापरायचं आणि मोडलं की त्याच्या लोखंडाचं दुसरं काहीतरी करून घ्यायचं, ही रीत.

किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचंच बघा. लक्ष्मणरावांनी पहिला नांगर १९०३ साली केला. पहिला विकला जायला दोन वर्षं गेली, कारण लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटे. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे हे नांगर महाराष्ट्रभर पोचले. पण त्या पहिल्या काळातला, शेतकऱ्याच्या हाताने झिजलेला नांगर आज शोधायला निघा. झिजलेला फाळ लोहाराकडे जायचा, तिथे त्याची विळी किंवा पहार व्हायची. म्हणून असा एखादा नांगर त्याच्या मूळच्या फाळासकट आणि घराण्याच्या माहितीसकट समोर आला, तर कुठल्याही जतन करणाऱ्याचे डोळे चमकतील.

कायद्यातली १०० वर्षांची अट वेगळ्या कामासाठी आहे, मूर्ती नि चित्रं देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून. शंभर भरेपर्यंत थांबलो तर इंजिन उरणारच नाही.

जागेचा मुद्दा मात्र खरा. पुण्याच्या केळकर संग्रहालयात सुमारे २०,००० वस्तू आहेत आणि लोकांसमोर मांडलेल्या साधारण २,५००. लंडनच्या सायन्स म्युझियममधलं १९५१ पासूनचं शेतीचं दालनही २०१७ साली बंद झालं. म्हणून संग्रहालयाला फोन केलात की पलीकडचा माणूस आधी विचारेल, याच्यासोबत काय आहे? परवाना, पावत्या, फोटो, चालवणाऱ्याची माहिती. यंत्र एकटं आलं तर ते आणखी एक लिस्टर. त्याच्या गावासकट आलं तर ते घणसोलीची गिरणी.

घणसोलीकर, रंगाचा डबा मात्र घरात आणू नका. लाल-हिरवा रंग एकदा चढला की खालचा मूळ रंग, तेलाचे ओघळ, हात लागून गुळगुळीत झालेली जागा, सगळं कायमचं झाकलं जातं.

माहेर वसई

कौलारूताई, तुमचं वाचून माझ्या आजीचा रहाट आठवला.

वसईला आमच्या बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या काठाला रहाट होता. बैल गोल फिरायचा, दोरावर बांधलेली मातीची गाडगी खाली जाऊन भरून वर यायची आणि पन्हळीत उपडी व्हायची. ते पाणी पाटाने केळीच्या आणि पानवेलीच्या वाफ्यांत. पंप आल्यावर रहाट थांबला. आजी गेल्यावर मामाने तो एका संग्रहाला देऊन टाकला, जपतील म्हणून. दहा वर्षांनी मी मुलांना घेऊन बघायला गेले. मोठं चाक मागच्या अंगणात भिंतीला टेकून उभं होतं. आडवा दांडा नाही, दोर नाही, एकही गाडगं नाही. त्यावर चिठ्ठी होती, 'लाकडी चाक'.

मुलाने विचारलं, आई, हे कशाचं चाक? चिठ्ठी वाचून कळायला हवं होतं, ते मला हाताने हवेत गोल करून सांगावं लागलं. बैल कुठून फिरायचा, गाडगं कुठे उलटायचं.

देणार असाल तर लिहून द्या, दादा. कुठला भाग कुठे बसतो ते प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधून. देणाऱ्याला सगळं माहीत असतं म्हणून तो सांगत नाही, आणि घेणाऱ्याला काहीच माहीत नसतं म्हणून तो विचारत नाही.

डिझेलवाला

ताई, वाचून वाईट वाटलं. अगदी खरंय.

खारबंदिस्ती

मी कोपरखैरण्याचा. वय ७४. घणसोलीच्या त्या गिरणीत मी वडिलांबरोबर गेलेलो आहे. एकच होती की दोन, ते आता सांगता येत नाही, पण रस्त्याच्या अंगाला पिंपळ होता तीच असेल तर तीच.

आजच्या मुलांसाठी सांगतो. आमची शेती खाडीच्या काठची. बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, पावसाचं पाणी साठलं की ओहोटीला उघाडी, म्हणजे बांधातलं दार, उघडून सोडायचं. बांध फुटला की वर्ष गेलं. त्या खाऱ्या जमिनीत राता भात यायचं, काळा राता, भुरा राता. दाणा लाल, जाड. पेज प्यायली की दुपारपर्यंत भूक नाही. आधी बायका घिरटावर भरडून उखळात सडायच्या, पहाटेपासून. गिरणी आली आणि माझ्या आईचे दोन तास वाचले. आईने गिरणीला हात जोडलेले मी पाहिलेत, दारातून आत जाताना.

इंजिनाचा आवाज बांधापर्यंत यायचा. टुक, टुक, टुक, मधे जरा थांबल्यासारखा, परत टुक. आवाज आला की गिरणी चालू, चला भात घेऊन. हलरमध्ये दाणा फार तुटायचा, कणी निघायची. पण कणीच्याही भाकऱ्या व्हायच्या, कोंडा-तूस जनावराला आणि चुलीला. वाया काही जात नव्हतं.

शंकानिरसन

काका, तुमचा प्रतिसाद वाचून माझा प्रश्न मीच मागे घेतो. एकच विचारतो, हलर नेमकं काय करतो? आणि दाणा का तुटायचा?

डिझेलवाला

बिडाच्या आडव्या पिंपात कंगोरे असलेला बिडाचाच लाट फिरतो. वरून भात पडतं, लाट आणि बाजूचं पोलादी पातं यांच्यामध्ये दाणे एकमेकांवर घासतात, तूस सुटतं. पिंपाचा खालचा भाग जाळीचा, त्यातून तूस नि कोंडा एकत्र खाली. पातं आत-बाहेर करून घासण कमी-जास्त करायची. जास्त आवळलं की तांदूळ पांढरा पण तुटका, सैल सोडलं की भात तसंच बाहेर. चांगला गिरणीवाला मूठभर तांदूळ हातात घेऊन नुसत्या अंगठ्याने सांगायचा, पातं किती हलवायचं ते.

हे यंत्र मूळचं ब्राझीलचं. एंगेलबर्ग नावाच्या माणसाने १८८५ मध्ये काढलं, अमेरिकेत सिराक्यूजला त्याचा कारखाना निघाला. कॉफी आणि भात दोन्हीसाठी. तिथून ते सगळ्या भातखाऊ देशांत पसरलं. पुढे रबरी रोलरच्या गिरण्या आल्या, त्यात दाणा कमी तुटतो आणि कोंडा वेगळा मिळतो, म्हणून हलर मागे पडले.

घणसोलीकर

काय बोलू, दोन दिवस डोळे भरून वाचतोय. खारबंदिस्तीकाका, पिंपळ होता. रस्ता रुंद झाला तेव्हा गेला. म्हणजे तुम्ही आमच्याच गिरणीत आला होतात.

डिझेलवाला काका, हातचाक आहे. गंजलंय, पण आहे.

कौलारूताई, तुम्ही सोबत काय आहे ते विचारलंत म्हणून काल खोली पहिल्यांदा नीट झाडली. खोक्यात भात गिरण्यांच्या १९५८ च्या कायद्याखालचा आजोबांच्या नावाचा परवाना मिळाला, कडा वाळवीने खाल्लेला पण शिक्का शाबूत. हलरच्या दोन जादा जाळ्या. पट्टा शिवायची आरी. आणि दाराची चौकट. चौकटीच्या डाव्या अंगाला कमरेपासून डोक्यापर्यंत चाकूने कोरलेल्या बारीक रेघा आहेत. चार उभ्या, एक आडवी, परत चार उभ्या, अशा ओळीच्या ओळी. काही रेघांभोवती गोल. मी लहानपणापासून त्या दारातून ये-जा केली आणि त्या रेघा कधी पाहिल्याच नाहीत, कारण दार उघडलं की फळी त्यांच्यावर यायची.

वडिलांना विचारलं. म्हणाले, पायल्यांचा हिशोब. आजोबांना लिहिता येत नव्हतं.

कौलारू

थांबा. कृपा करून ती चौकट काढायला सुतार बोलावू नका, मी येऊन बघेपर्यंत तरी.

लिस्टरचं इंजिन चांगलं आहे, हातचाक आहे हे फारच चांगलं. पण तसं इंजिन शोधलं तर दुसरं सापडेल. एंगेलबर्ग हलरही सापडेल. लिहिता न येणाऱ्या गिरणीवाल्याने गावाच्या भाताचा हिशोब कोरून ठेवलेली चौकट दुसरी कुठून आणणार? या सगळ्या खोलीत एकमेव असं काही असेल तर ते लाकूड. आणि भंगारवाल्याच्या तागडीत त्याला किंमत नाही, म्हणून घर पाडताना जेसीबीच्या पहिल्या फटक्यात तेच जाणार होतं.

आता करायच्या गोष्टी. चौकटीचे फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, रेघांची खोली उठून दिसते. शेजारी मोजपट्टी धरा. रेघांवर तेल, पॉलिश, खडू काहीही लावू नका. चौकट भिंतीतून काढायची तेव्हा दोन्ही बाजूंची माती आधी मोकळी करायची, पहारीने उचकटायची नाही. आणि वडिलांना समोर बसवून कॅमेरा लावा. कुठली रेघ काय, ते त्यांच्याच तोंडून. इंजिनाआधी हे. लोखंड थांबेल.

माहेर वसई

मी येते कॅमेरा घेऊन. माझ्या मुलाला हे काम जमतं. आजीचं राहून गेलं, हे राहायला नको.

डिझेलवाला

इंजिनाबद्दल थोडं. पिस्टन धरलेला, म्हणजे गंजून अडकलेला असणार. हातोडा मारू नका, फ्लायव्हीलला, म्हणजे बाजूच्या जड चाकाला, दोर बांधून ओढू नका, जुनं बीड तडकतं. इंजेक्टर काढून त्या भोकातून डिझेल आणि तेल निम्मं-निम्मं ओता, आठ दिवस विसरून जा. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून धरायचा आणि दोघांनी फ्लायव्हील हातानेच हळू मागे-पुढे करायचं. सुरू करायचा हट्ट नको. फिरतं आहे एवढं कळलं तरी संग्रहालयाला पुष्कळ.

खाडीची हवा आहे तिथली. खारा गंज आतून खातो. उचललं की सरळ जमिनीवर ठेवू नका, लाकडाच्या ओंडक्यांवर. वजन तीनशे किलोच्या वर आहे, त्यामुळे चार माणसं आणि दोन जाड फळ्या लागतील. पट्टा घडी घालू नका, घडीवर तडा जातो. होता तसाच टांगा.

खारबंदिस्ती

वाशीला भाजीपाल्याचं मोठं मार्केट आहे, सगळ्या देशाचा माल येतो. नेरुळच्या वंडर्स पार्कात जगातल्या आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत, नातवंडं आनंदाने बघतात, मीही नेतो त्यांना. पण इथे भात पिकत होतं हे नातवंडांना मी सांगितलं तर ती इमारतींकडे बघतात आणि गप्प बसतात. त्यांना दाखवायला माझ्याकडे काहीच नाही. ना बांध, ना उघाडी, ना लोंबी. एखाद्या समाजमंदिराच्या एका खोलीत ही गिरणी होती तशी उभी राहिली, इंजिन, हलर, पट्टा आणि तीच चौकट दाराला, तर मी रोज तिथे बसायला तयार आहे. विचारेल त्याला सांगेन. पगार नको.

शंकानिरसन

काका, खोलीची चौकशी मी करतो. घणसोलीतल्या दोन-तीन मंडळांत माझी ओळख आहे. लेखी दानपत्र आणि वस्तूंची नोंदवही केली तर पुढे मोठ्या संग्रहालयाला द्यायची वेळ आली तरी अडचण नाही. तात्पुरती जागा म्हणून माझ्या ऐरोलीच्या दुकानामागचं गोदाम रिकामं आहे. छप्पर गळत नाही, गेल्या पावसाळ्यातच नवं घातलं.

घणसोलीकर

सगळ्यांना निरोप. भंगारवाल्याला 'नाही' म्हणून सांगितलं. चुलतभावाला हा धागा वाचायला दिला, तो रात्री काही न बोलता गिरणीत जाऊन आला आणि रंगाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

काल माहेर वसईताई आणि त्यांचा मुलगा आले होते. वडील सुरुवातीला कॅमेऱ्याकडे बघतच नव्हते. मग ताईंनी त्यांना चौकटीपाशी नेलं आणि नुसतं विचारलं, ही पहिली रेघ कुणी मारली? त्यानंतर दीड तास ते थांबले नाहीत. बोटाने एकेक ओळ दाखवत घरांची नावं सांगत गेले, त्यातली निम्मी घरं आता इथे नाहीत.

रेघांभोवतीच्या गोलांचं लिहिलं होतं ना, तेही कळलं. गोल म्हणजे लग्नघरचं भात. त्याच्या भरडाईचे पैसे आजोबा घेत नसत, पण हिशोबात रेघ मात्र मारायचे. रात्री टॉर्च लावून मोजले, सतरा गोल आहेत. खारबंदिस्तीकाका, खालून चौथ्या ओळीतला एक कोपरखैरण्याचा आहे असं वडील म्हणतात. कुणाचं लग्न ते तुम्हाला आठवतं का बघा.

डिझेलवाला काका, फळ्या मिळाल्या, डिझेल-तेल ओतून आज तिसरा दिवस. पुढच्या रविवारी सकाळी आठला या. वडील सातपासून तिथे असतील.